सप्रेम भेट, अठ्ठेचाळीस वेळा

गणपती उठले की पितृपंधरवडा लागतो आणि बाजारातली गर्दी जरा ओसरते. दिवाळीच्या भेटवस्तूंना लावायचे टॅग करायला आम्ही हेच दिवस धरतो, कारण कागदाच्या दुकानात निवांत उभं राहून कागद हातात घेऊन बघता येतो. गैरसोय एकच, हवा अजून ओली असते. आणि या कामातल्या जवळजवळ प्रत्येक बिघाडाच्या मुळाशी पाणीच सापडतं. कार्ड वळतं ते पाण्यामुळे, स्टेन्सिलच्या कडेखाली रंग पसरतो तो पाण्यामुळे, उठावाच्या नक्षीच्या पेस्टला भेगा पडतात त्या पाणी भलत्या घाईने उडून गेल्यामुळे. कागदाची पाकळी हवी तशी वळते तीही पाण्यामुळेच; तिथे मात्र ते आपल्या बाजूने असतं.

या खेपेला ४८ टॅग केले. कार्डाचा पाया, त्यावर जुन्या छापील कागदाचे तुकडे, रंगाचा हात, स्टेन्सिलने एक सपाट जाळी आणि एक उठावाची कोयरी, ‘सप्रेम भेट’ ही अक्षरं, आणि सगळ्यात वर हातकागदाची फुलं. रोज संध्याकाळी दोन तास धरून आठ दिवस लागले. खरं काम त्यातलं निम्मंच. उरलेला वेळ वाळण्याचा. म्हणून एकेक टॅग पुरा करत बसायचं नाही, सगळे ४८ एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर न्यायचे.

पायासाठी ३०० जीएसएमची (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाची) पांढरी कार्डशीट घेतली, ए४ मापाची, चार. २०० च्या आसपासचं कार्ड हाताला बरं लागतं, पण वर पेस्ट वाळताना आकसते त्या ओढीने ते वाकतं. टॅग ५ बाय १० सेंटीमीटरचा करावा असं सहज वाटतं, पण ए४ म्हणजे २१ बाय २९.७. या मापाचे टॅग त्यातून दहाच निघतात. लांबी एक मिलिमीटरने कमी करून ५ बाय ९.९ केली की चारच्या तीन रांगा, असे बाराच्या बारा बसतात. वर कडेला एक सेंटीमीटरची पट्टी उरते, ती टाकू नका. रंग वाळल्यावर कसा दिसतो ते बघायला तिच्यासारखी दुसरी जागा नाही.

घरोघरी लग्नपत्रिकांची जाड कार्डं साठलेली असतात. मॅट असतील तर खुशाल वापरा. ज्यांवर प्लास्टिकचं लॅमिनेशन आहे ती नकोत. पॉलिशपेपरने कितीही घासली तरी ॲक्रिलिक रंगाचा थर काही दिवसांनी पापुद्र्यासारखा सुटतो, आणि सुटतो तो फुलासकट.

कापण्याआधी अख्ख्या शीटला अस्तर द्यायचं. तयार अस्तर, म्हणजे जेसो, महाग पडतं आणि एवढ्याशा कामाला घरचं अस्तर पुरतं: पांढरा ॲक्रिलिक ४० मिली, टाल्कम पावडर चार सपाट चमचे, फेव्हिकॉल दोन चमचे, पाणी ३० मिली. चमचा म्हणजे औषधाच्या बाटलीबरोबर येतो तो, ५ मिलीचा. पावडर आधी कोरडीच चहाच्या जुन्या गाळणीतून चाळून घ्या, नाहीतर ब्रश फिरवताना गुठळ्या रेघा ओढत जातात. एवढं मिश्रण चार शीटच्या दोन्ही बाजूंना पुरून थोडं उरतं. दोन्ही बाजूंना, हे महत्त्वाचं. ओलाव्याने कागदाचे तंतू एकाच बाजूने फुगतात, मग वाळताना ॲक्रिलिकचा थर आकसून त्यांना ओढतो आणि कार्ड रंगाच्या बाजूला द्रोणासारखं वळतं. मागच्या बाजूलाही तेवढाच थर दिला की दोन्ही ओढी एकमेकींना तोलतात. थोडा बाक राहिलाच तर पूर्ण वाळल्यावर बटर पेपरमध्ये ठेवून वर डिक्शनरी ठेवायची, रात्रभर. उन्हात ठेवू नका. उन्हातलं कार्ड तासाभरात होडी होऊन बसतं.

छापील तुकड्यांसाठी जुनं पंचांग उत्तम. बारीक अंक, तिथ्या, आडव्या-उभ्या रेघा, आणि कागद पातळ. इंकजेट प्रिंटरवर काढलेलं काही चिकटवू नका, फेव्हिकॉलच्या पाण्याने शाई फुटते. फेव्हिकॉल आणि पाणी समसमान करून खाली एक हात, तुकडा ठेवला की वर एक हात, आणि मधून कडेकडे जुन्या एटीएम कार्डाने हवा काढत जायचं. तुकडे हाताने फाडलेले बरे. कात्रीची धारदार कड वरच्या रंगातूनही दिसत राहते, फाटलेली कड मिसळून जाते. शीटचा एक तृतीयांश भाग झाकला म्हणजे पुरे. त्याहून जास्त झालं की पंचांग दिसतं, टॅग दिसत नाही.

मग रंग. ॲक्रिलिकच्या एका भागाला पाच-सहा भाग पाणी, आणि भांडी घासायच्या नव्या स्पंजचा तुकडा. दोन शीट पिवळ्या मातीच्या रंगात केले, दोन मोरपंखी. एकाच शीटवर दोन रंग घेतले तर नारिंगी आणि निळ्यासारखे रंग ओले असताना एकमेकांत गेले की चिखल होतो, म्हणून दुसरा रंग पहिला वाळल्यावरच. हे शीट वाळले की पेन्सिलने आखून, स्टीलच्या पट्टीवर पाती धरून कापायचे. वरचे दोन कोपरे प्रत्येकी १२ मिलिमीटरवर तिरके छाटले. आधी कापून मग एकेक टॅग रंगवला तर कडांवर रंग साठतो, आणि ४८ ओले चौकोन ठेवायला घरात तेवढी जागाही नसते.

स्टेन्सिल विकत मिळतात. पुण्यात तुळशीबागेत दिवाळीच्या तोंडावर रांगोळीचे छाप ढिगाने असतात. पण त्यातले चाळणीसारखी बारीक भोकं असलेले छाप फक्त कोरड्या रांगोळीचे. एक मिलिमीटरच्या भोकातून पेस्ट जात नाही, गेली तर परत येत नाही. शिवाय नक्षी ताटाएवढी असते आणि आपल्याकडे जागा ५ सेंटीमीटर. म्हणून स्वतः कापलेलं स्टेन्सिल बरं. गोणीवर, लाकडी पेटीवर नाव-गाव रंगवायचा पत्र्याचा छाप ज्यांनी पाहिलाय त्यांना तत्त्व समजावून सांगायला नको: मधला भाग गळून पडू नये म्हणून त्याला कुठेतरी दांडी हवी.

सपाट नक्षीसाठी एक्स-रेची जुनी फिल्म घेतली. जाडी साधारण ०.१८ मिलिमीटर, पातीखाली स्वच्छ कापली जाते आणि पाण्याने फुगत नाही. तिच्यावरचा काळा थर जिलेटिनचा असतो, ओल्या रंगाने चिकट होतो. हातमोजे घालून ती ब्लीचच्या पाण्यात बुडवली की थर सुटून येतो. उठावाच्या नक्षीला मात्र एवढी जाडी पुरत नाही, आणि हीच गोष्ट बहुतेकांची चुकते. पेस्ट स्टेन्सिलच्या पातळीला खरवडून सपाट केली की उठाव स्टेन्सिलच्या जाडीएवढाच येतो. ०.१८ मिलिमीटर उठाव बोटाला लागला तरी डोळ्यात भरत नाही. मग लोक पेस्टला दोष देतात. आम्ही प्लास्टिकच्या फाइलचं कव्हर वापरलं, अर्धा मिलिमीटर जाडीचं. कापायला अवघड, पाती दोनदा फिरवावी लागते, पण कोयरी कागदावरून वर येते.

कापताना बारीक भोकं आधी, मोठी नंतर. मोठं आधी कापलं तर उरलेली पट्टी लवलव करते आणि बारीक काम बिघडतं. वळणावर हात वळवायचा नाही, खालचं शीट फिरवायचं. दोन भोकांमधली दांडी पेस्टसाठी निदान २ मिलिमीटर, भोक निदान ३. पातीची टोकं मोडतात, तीन-चार जवळ असू द्या.

पहिला थर सपाट नक्षीचा: वाड्याच्या खिडकीसारखी जाळी, टॅगच्या तळाच्या रंगाहून एक छटा गडद. पाणी अजिबात नाही. स्पंज रंगात टेकवायचा, मग वर्तमानपत्रावर दहा-बारा वेळा टिपायचा. ठसा कोरडा, दाणेदार उमटायला लागला की मगच स्टेन्सिलवर, आणि तोही सरळ वरून खाली, घासत नाही. ओला स्पंज असला की स्टेन्सिल आणि कागद यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत रंग आपोआप ओढला जातो. कितीही दाबून धरा, ती फट पाणी शोधतंच. दहा-बारा टॅग झाले की स्टेन्सिलवर रंगाचा लेप बसतो. तो धुण्याआधी स्टेन्सिल पालथं करून कोऱ्या कागदावर दाबलं तर जाळीचा उलटा ठसा मिळतो. पुढच्या वेळच्या चिकटकामाला फुकटचा कागद.

आता पेस्ट. टाल्कम पावडर सहा चमचे, फेव्हिकॉल तीन, पांढरा ॲक्रिलिक दोन. आधी फेव्हिकॉल आणि रंग एकजीव करायचे, मग पावडर चमच्या-चमच्याने. पाणी लागलंच तर थेंबाने. श्रीखंडासाठी टांगलेला चक्का जेवढा घट्ट असतो तेवढी झाली की थांबा. चमचा उलटा केला तरी पडता कामा नये. ४८ टॅगांवर प्रत्येकी दीड इंचाची कोयरी धरली तर एवढी पुरते. निम्मी तर स्टेन्सिलवर आणि सुरीलाच राहते. खडूची पावडरही चालते, फक्त ती पाणी जास्त पिते. प्लॅस्टर ऑफ पॅरिस घालू नका. ते पाण्याशी रासायनिक क्रियेने घट्ट होतं, वाट बघत नाही; दहाव्या टॅगला वाटीत दगड झालेला असतो.

पेस्टच्या आधी सावली. हे कुणी फारसं करत नाही आणि यानेच कोयरी कागदावर तरंगल्यासारखी दिसते. उठावाचं स्टेन्सिल जागेवर ठेवून कोरड्या स्पंजने राखाडी रंग टिपायचा. दोन मिनिटांनी तेच स्टेन्सिल दीड मिलिमीटर वर आणि तेवढंच डावीकडे सरकवून, मास्किंग टेपने एका कडेला बिजागरीसारखं चिकटवून पेस्ट ओढायची. म्हणजे सावली उजवीकडे खाली डोकावते. सगळ्या टॅगांवर एकाच दिशेने सरकवा. चार टॅग शेजारी मांडले आणि एकाची सावली भलतीकडे पडली तर नजर नेमकी तिथेच अडखळते.

पेस्ट ओढायला जुनं एटीएम कार्ड पुरे. कार्ड उभं धरलं तर पेस्ट खरवडून निघते, आडवं झुकवलं तर थर जाड राहतो. तीस-चाळीस अंशांच्या झुकावाने एकदा ओढायची, फार तर दोनदा. नीट करायच्या नादात पाच वेळा हात फिरवला की पेस्ट कडेखाली सरकते. मग टेपची कड दाबून धरून समोरची कड सावकाश वर उचलायची. स्टेन्सिल निघताना पेस्टची बारीक टोकं उभी राहिली तर लगेच हात लावू नका. अर्ध्या तासाने, पेस्ट जरा आवळली की ओल्या बोटाने हलकेच बसवा. स्टेन्सिल उचलल्यावर कडा हळूहळू पसरून गोल झाल्या तर पेस्ट पातळ आहे. वाटीत आणखी एक चमचा पावडर घाला आणि तो टॅग ओल्या फडक्याने पुसून पुन्हा घ्या. पेस्ट ओली आहे तोवर सगळं पुसता येतं.

भेगा पडतात त्याची कारणं तीन. पावडरच्या मानाने फेव्हिकॉल कमी, हे पहिलं. दुसरं, दीड मिलिमीटरच्या वर गेलेला थर. आणि तिसरं, या हवेत हमखास होणारं: वाळत नाही म्हणून हेअर ड्रायर. वरची साय धरते, आतलं पाणी अडकतं आणि बाहेर पडताना फोड तरी आणतं किंवा साय फाडतं. या खेपेला पहिल्या सहा टॅगांची घाई केली आणि सहाही भेगाळले. भेगांत पातळ चॉकलेटी रंग मुरवून पुसून घेतला तर ते जुन्या भिंतीसारखे छान दिसतात, तेव्हा फेकले नाहीत, पण हवे होते ते हे नाहीत. बाकीचे पंख्याखाली जाळीवर रात्रभर ठेवले. कोरड्या दिवसांत चार तासांत होणारं काम भाद्रपदात बारा तास घेतं. कळायचं कसं? टॅग गालाला लावा. थंड लागला तर आत ओल आहे.

पेस्टची भांडी-स्टेन्सिल बेसिनमध्ये धुऊ नका. आधी वर्तमानपत्राने पुसा, मग बादलीत धुवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी ओता आणि गाळ कचऱ्यात टाका. पावडर आणि फेव्हिकॉल पाइपच्या वळणात बसले की प्लंबरला बोलवावं लागतं. स्टेन्सिलवर पेस्ट वाळली असेल तर अर्धा तास कोमट पाण्यात ठेवून टूथब्रशने काढा. सुरीने खरवडलं तर दांडी तुटते.

वाळलेल्या कोयरीवर सोनेरी ॲक्रिलिक बोटाच्या टोकाने, नुसतं पुसल्यासारखं. बोट कोरडं हवं. ओलं असलं की सोनेरी रंग खोलगट भागात उतरतो आणि उठाव मरतो.

अक्षरांचं स्टेन्सिल हा वेगळाच उद्योग आहे, आणि रोमन अक्षरांच्या सूचना इथे कामाला येत नाहीत. देवनागरीत शिरोरेघ सगळ्या अक्षरांना जोडते, म्हणजे स्टेन्सिलमध्ये शब्दभर लांब एकच फट. ती फट हाताखाली उघडते आणि अक्षरं डगमगतात. तेव्हा शिरोरेघेत मधेमधे दांड्या सोडाव्याच लागतात. दांडी कुठे सोडायची यात मात्र शहाणपण लागतं. ‘सप्रेम’ मध्ये स, प आणि म या तिन्ही अक्षरांच्या पोटात बंद जागा आहे: दोन बाजूंना अक्षराची अंगं, खाली जोडणारी रेघ, वर शिरोरेघ. तिला दांडी दिली नाही तर ती गळून पडते आणि अक्षराचा ठोकळा होतो. पहिल्यांदा कापलं तेव्हा तिन्ही दांड्या सोयीच्या म्हणून शिरोरेघेत, अक्षराच्या माथ्यावर ठेवल्या. स आणि प चालून गेले. पण म च्या माथ्यावरची शिरोरेघ तुटली की त्याचा भ होतो. दोघांत फरक जवळपास तेवढाच आहे. छापून बघितलं तर ‘सप्रेभ भेट’. घ आणि ध चंही तेच: ‘घर’ लिहायला जाल आणि ‘धर’ उमटेल. उपाय सोपा आहे. म ची दांडी खालच्या आडव्या रेघेत द्यायची, घ ची खालच्या वळणात, आणि शिरोरेघेतल्या दांड्या अशा अक्षरांच्या माथ्यावर न ठेवता दोन अक्षरांच्या मधल्या जागेत ठेवायच्या. भ आणि ट यांचं पोट उघडंच असतं, त्यांना काही करावं लागत नाही. मात्रा वेगळी कापायची, शिरोरेघेपासून एक मिलिमीटर वर.

अक्षराची उंची ८ मिलिमीटर, फट दीड मिलिमीटर. एवढ्या फटीत पेस्ट नीट बसत नाही, म्हणून अक्षरं फक्त रंगाने, गडद जांभळ्या. आणि ती खरबरीत भागावर उमटत नाहीत. टॅगच्या खालच्या टोकाला ४ बाय २ सेंटीमीटरची जागा पहिल्यापासून मोकळी ठेवलेली असते ती यासाठी. नाव मागच्या बाजूला लिहायचं. तिथे साधं अस्तर आहे, बॉलपेन छान चालतं.

फुलांना आम्ही हातकागदच घेतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटला कागदाच्या दुकानांची रांगच आहे. सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद लांब तंतूंचा असतो. ओला करून दाबला, ताणला तरी फाटत नाही आणि वाळल्यावर दिलेला आकार धरून ठेवतो. झेरॉक्सचा कागद ओला केला की दम सोडतो. जाडी ९० ते १०० जीएसएम. त्याहून जाड कागदाची पाकळी पत्रावळीसारखी दिसते. घेताना कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. क्षणात शोषला गेला तर कागदाला खळ नाही, त्यावर रंग टिपकागदासारखा पसरेल. अशा कागदाला एक भाग फेव्हिकॉल, चार भाग पाणी असा हात देऊन वाळवून घ्या.

एका टॅगवर तीन प्राजक्त, किंवा एक शेवंती आणि दोन प्राजक्त. या दिवसांत प्राजक्ताचा सडा पडतो, तेव्हा कापण्याआधी एक फूल हातात घेऊन नीट बघा. पाकळ्या पाच ते आठ असतात, बहुतेक फुलांत सहा-सात. प्रत्येक पाकळी टोकाला खाच पडलेली, आणि सगळ्या किंचित पिळलेल्या, भिरभिऱ्यासारख्या, एकाच दिशेने. हा पीळ साधला नाही तर कागदाचं फूल कुठलंही पांढरं फूल होतं. प्राजक्त होत नाही.

अडीच सेंटीमीटरची चकती, सहा समान भाग, मधलं ६ मिलिमीटरचं वर्तुळ सोडून नखं कापायच्या कात्रीने चिरा. पाकळी मुळाशी निमुळती करायची आणि टोकाला छोटी व्ही आकाराची खाच. कागदाच्या घड्या घालून एकदम सहा पाकळ्या कापायच्या भानगडीत पडू नका. एवढ्या लहान मापात घडीची जाडीच पाकळीएवढी होते. फुलाचा पंच असेल तर वेळ वाचतो, पण हातकागद पंचमध्ये चावला जातो, लांब तंतू तुटत नाहीत. झेरॉक्सच्या दोन कागदांमध्ये हातकागद धरून पंच दाबला की कड स्वच्छ येते.

कापलेल्या फुलावर ब्रशने पाणी फिरवायचं आणि मिनिटभर थांबायचं. तंतूंना भिजायला तेवढा वेळ लागतो. मग जुन्या स्लीपरच्या तळव्यावर फूल ठेवून, संपलेल्या जाड बॉलपेनच्या गोल टोकाने मधे दाबलं की पाकळ्या आपोआप वर येतात. लगेच टूथपिकवर प्रत्येक पाकळीची उजवी कड, फक्त उजवी, थोडी वळवायची. वाळवायला औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी, गोळीच्या खळग्यात फुलाचं पोट बसवून. एका पट्टीत दहा फुलं. दोन तासांनी ती कडक होतात, आणि मग मध्यावर नारिंगी रंगाचा ठिपका, ज्वारीच्या दाण्याएवढा.

देठासाठी ६ मिलिमीटर रुंद, २ सेंटीमीटर लांब पट्टी नारिंगी रंगवून टूथपिकवर रुंदीला समांतर गुंडाळायची, म्हणजे ६ मिलिमीटरची नळी होते. खऱ्या देठांचा रंग पूर्वी कापडाला देत असत. तो इथेही देता येईल, पण उजेडात उडतो. आता देठ केला आणि फूल सरळ चिकटवलं की तो दिसणार कसा? म्हणून तीनांतलं एक फूल पालथं लावायचं. सड्यातली कितीतरी फुलं तशीच पडलेली असतात, देठ वर करून. एवढ्या एका पालथ्या फुलाने टॅग लांबूनही ओळखू येतो.

शेवंती सोपी. दीड सेंटीमीटर रुंद, वीस सेंटीमीटर लांब पट्टी, एका कडेला ४ मिलिमीटर सोडून दर २ मिलिमीटरवर चिरा, आणि मोठ्या सुईचं नेढं वरून कापून केलेल्या खाचेत टोक अडकवून गुंडाळत जायचं. पहिल्या वेढ्याला आणि शेवटच्याला गोंद, मधे नको. मधे लावला तर पाकळ्या बोटांनी बाहेर वळवताना बुडाशीच ताठ राहतात. ही दीड सेंटीमीटर उंच होते, टॅगसाठी फारच. ती पूर्ण वाळली की बुडाकडून ३ मिलिमीटर कापून टाका, नंतर पाकळ्या आडव्या होईस्तोवर बाहेर वळवा. फूल कार्डापासून ८-९ मिलिमीटरच्या वर गेलं की पिशवीत दबतं. कुरियरने जाणाऱ्या भेटींवर शेवंती लावतच नाही.

भोक फुलं चिकटवण्याआधी पाडायचं, वरच्या कडेपासून एक सेंटीमीटरवर. ऑफिसच्या पंचचं जेमतेम ६ मिलिमीटरचं भोक थोडं मोठं वाटतं, पण त्याभोवती हातकागदाची लहान चकती दोन्ही बाजूंनी चिकटवली की चालतं आणि फाटत नाही.

फुलं चिकटवायला फेव्हिकॉलच, तुरीच्या डाळीएवढा थेंब, आणि वीस मिनिटं हात न लावणं. ग्लू गन झटपट काम करते, पण तिच्या गोंदाचे केसांसारखे धागे ४८ टॅगांवरून वेचत बसावं लागतं. फूल पेस्टवर येत असेल तर ती जागा आधी ओल्या ब्रशने पुसा. वाळलेली पेस्ट फेव्हिकॉलमधलं पाणी झटक्यात पिते, गोंद वरच्या वर सुकतो आणि फूल दोन दिवसांनी डब्याच्या तळाशी सापडतं. शक्यतो फुलं कोयरीच्या देठाशी, सपाट भागावर बसवावीत. कोयरीचं टोक उघडं राहिलेलं बरं.

दोरा प्रत्येकी २५ सेंटीमीटर, एकूण १२ मीटर. पूजेची नाडाछडी रंगाने सुरेख जुळते, पण ओल्या हातानेसुद्धा तिचा लाल रंग उतरतो आणि टॅगला डाग पडतो. बारीक सुतळी घेतली, दुहेरी करून भोकातून काढून फास दिला.

तयार टॅग दिवाळीपर्यंत ठेवायचे तर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, दोन थरांमध्ये पुठ्ठा आणि पुठ्ठ्याच्या कोपऱ्यांना बाटलीची बुचं, म्हणजे वरच्या थराचं वजन फुलांवर येत नाही. औषधांच्या डब्यातून निघालेल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या आत टाका. डांबरगोळ्या नकोत, वास कागदात मुरतो आणि भेट उघडणाऱ्याला कपाटाचा वास येतो. डांबरगोळ्या नाहीत, म्हणूनच चिकटवायला मैद्याची खळही वापरली नाही: स्वस्त आहे, कागद सुरकुतत नाही, पण कसर लागते, आणि ती सुरुवात प्राजक्तापासून करते.